माती : नदी कीं खाण?

निसर्गासंबंधीं लिहितांना मराठी लेखकांच्या दोन जुन्या सवयी दिसून येतात. पाऊस वेळेवर आला म्हणजे ते त्याचें वर्णन करतात, आणि आला नाहीं म्हणजे दैवास बोल लावतात. पहिल्या प्रकारांत निसर्ग हा रम्य देखावा असतो, दुसऱ्यांत तो निष्ठुर धनी असतो. पण दोहोंतही मनुष्य बाजूस उभा राहून नुसता पाहणारा किंवा सोसणारा असतो. अलीकडे या दोन सवयींना एक तिसरी येऊन मिळाली आहे. निसर्ग तेवढा निरपराधी आणि मनुष्य तेवढा अपराधी, असा सरसकट निवाडा देऊन ती मोकळी होते. या तिन्ही सवयी लेखकास व वाचकास सारख्याच सोयीच्या आहेत, कारण हिशेब मांडण्याचे कष्ट त्यांपैकीं एकींतही पडत नाहींत. एखाद्या शेताची माती वाहून गेली, तर तीं कृत्यें पावसाचीं किती व माणसाचीं किती, हें निवडून सांगणें अवघड काम आहे. जो ग्रंथकार तें करूं शकतो, त्याचा ग्रंथ ललित असो वा नसो, त्यास वाङ्मयाच्या पंक्तीस बसविण्यांत आम्हांस कांहींच संकोच वाटत नाहीं.

असे दोन ग्रंथ आज आम्ही वाचकांपुढें ठेवीत आहों. पहिला जोतीराव फुले यांचा ‘शेतकऱ्याचा असूड’. तो १८८३ सालीं लिहून पुरा झाला. दुसरा जे. सी. कुमारप्पा यांचा इंग्रजी ग्रंथ ‘इकॉनॉमी ऑफ परमनन्स’. तो १९४५ सालीं प्रसिद्ध झाला, व त्यास गांधीजींनीं प्रस्तावना लिहिली. पहिल्याची गणना सामान्यतः सामाजिक वादग्रंथांत होते, दुसऱ्याची गांधीवादी अर्थशास्त्रांत. आणि दोन्हीं ठिकाणीं त्यांतील एक महत्त्वाचा विषय झांकला जातो. मनुष्य आणि सृष्टि यांच्या हातून मिळून जमिनीचें काय होतें, हा तो विषय होय. हल्लीं ज्यास पर्यावरण म्हणतात, त्याची चर्चा त्या शब्दावांचून या दोघांनीं केली आहे.

ग्रंथांतील विचार पारखावयाचा तर तो एखाद्या खऱ्या जमिनीवर घासून पाहिला पाहिजे. त्यासाठीं आम्हीं वर्धा जिल्ह्यांतील देवळीची जमीन घेतली आहे. कुमारप्पांची कर्मभूमि जी वर्ध्याची मगनवाडी, तेथून देवळी सुमारें १८ किलोमीटरांवर आहे. आणि फुल्यांनीं ज्या कोरडवाहू शेतकऱ्याची कैफियत मांडली, त्याचे सगेसोयरे देवळीच्या प्रत्येक शिवारांत आहेत. म्हणून ही कसोटी दोघांनाही परकी नाहीं.

या भागांतील जुने लोक जमिनीस चार नांवांनीं ओळखीत आले आहेत : काळी, मोरंड, खरडी आणि बरडी. काळी ही खोल व चिकण, मोरंड तिच्या खालोखाल, बहुधा चुनखडीचे खडे मिसळलेली, खरडी उथळ, आणि बरडी म्हणजे टेकाडावरची मुरमाड, जिच्या अंगावर मातीचें नुसतें पांघरूण असतें. हीं चार नांवें चार निरनिराळ्या वस्तूंचीं आहेत असें वाटतें, परंतु पुष्कळदां ती एकाच उताराची कथा असते. सुमारें साडेसहा कोटि वर्षांपूर्वीं दख्खनवर लाव्ह्याचे थर पसरले. त्यांचा खडक ऊनपावसानें झिजून ही माती झाली. आणि वरच्या टेकाडाची माती पावसानें खालीं आणून ठेविली म्हणून खालची काळी खोल झाली. म्हणजे ज्या धुपेच्या नांवानें आपण आज खडे फोडतों, तिनेंच एके काळीं ही सुपीक जमीन घडविली. निसर्गाचें काम असें दुहेरी असतें. फरक आहे तो वेगाचा. जी माती साठावयास हजारों वर्षें लागलीं, ती माणसाच्या एका पिढींत ओढ्यास मिळूं शकते.

या काळ्या मातीचा स्वभावही लक्षांत घेतला पाहिजे. उन्हाळ्यांत ती आकसते व तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. मृगाचें पहिलें पाणी त्या भेगांतून खोल उतरतें. मग माती फुगते, भेगा मिटतात, आणि त्यानंतर पडणारें पाणी मुरण्यास पुरेसा वेळ न मिळाल्यानें वरूनच वाहूं लागतें. वर्धा जिल्ह्यांत वर्षाकाठीं हजार मिलिमीटरांच्या आसपास पाऊस होतो, आणि त्यांतील बहुतेक चार महिन्यांतच कोसळतो. तेव्हां पाऊस पुरेसा पडूनही पीक वाळतें, ही येथील नवलाची गोष्ट नव्हे. पडलेलें पाणी आणि जमिनींत राहिलेलें पाणी हे दोन वेगळे आंकडे आहेत, व त्या दोहोंमधील अंतर कांहीं मातीच्या स्वभावानें आणि कांहीं माणसाच्या वाहीनें ठरतें.

माणसाचा हात येथें केव्हां व कसा पडला, याचा इतिहास अस्पष्ट नाहीं. १८६१ ते १८६५ या काळांत अमेरिकेंत यादवी युद्ध झालें आणि तिकडचा कापूस इंग्लंडच्या गिरण्यांस मिळेना. त्यामुळें वऱ्हाड-नागपूरच्या कापसास एकाएकीं भाव चढला. १८६७ सालीं आगगाडी नागपुरास पोंचली. वर्धा नदीकांठचें पुलगांव त्याच मार्गावर आहे, आणि देवळी ही कापसाची पेठ म्हणून नांवारूपास आली. तरीसुद्धां सारी जमीन बाजारानेंच पालटली असें म्हणणें अर्धवट होईल. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत अवेळींच्या पावसानें व तांबेऱ्यानें गहू-जवस बसले. पाठोपाठ १८९६-९७ व १८९९-१९०० चे दुष्काळ आले. आणि मग रब्बीची जागा कापूस-ज्वारीनें अधिकाधिक घेतली. येथें आभाळ आणि बाजार यांनीं एकाच दोरास दोन्ही बाजूंनीं पीळ घातला आहे. पूर्वींचा काळ सुवर्णयुगाचा होता असेंही नाहीं. गव्हासाठीं राखलेली काळी जमीन सबंध पावसाळाभर उघडीच असे, व तिच्यावरूनही पाणी वाहतच असे.

आतां या जमिनीवर उभे राहून कुमारप्पांचा ग्रंथ उघडूं. ग्रंथकार तंजावरकडचे, लंडनमध्यें हिशेब-तपासनिसाचा अभ्यास केलेले, पुढें अमेरिकेंत कोलंबिया विद्यापीठांत अर्थशास्त्र शिकलेले. १९३४ सालीं अखिल भारत ग्रामोद्योग संघ निघाला, तेव्हांपासून ते मगनवाडीचे झाले. प्रस्तुत ग्रंथ त्यांनीं जबलपूरच्या तुरुंगांत लिहिला. हिशेबनिसाचा मूळ पेशा त्यांच्या पानापानांत दिसतो, आणि हेंच त्यांचें बळ आहे. त्यांचा पहिलाच भेद असा कीं, सृष्टींतील कांहीं संपत्ति ही साठ्याच्या रूपाची आहे. कोळसा, खनिज तेल, लोखंड, तांबें हीं वापरलीं कीं कमी होतात. दुसरी संपत्ति ओघाच्या रूपाची आहे. नदीचें वाहतें पाणी किंवा रानांत वाढणारें लांकूड, ज्याची नुसती वाढ घेतली तर मुद्दल तसेंच राहतें. पहिली नश्वर, दुसरी स्थायी. आणि जो समाज पहिलीवर संसार थाटतो त्याच्या वांट्यास कलह व युद्ध येतें. खाण आणि नदी या दोन शब्दांत हा सारा भेद सांगतां येईल.

यानंतर ते अर्थव्यवहाराच्या पांच पायऱ्या सांगतात, आणि त्या पशुपक्ष्यांच्या दाखल्यांनीं समजावून देतात. दुसऱ्याचा जीव घेऊन जगणारा वाघ. न लावलेल्या आंब्यांवर ताव मारणारें माकड. फुलांतला मध घेतांना फुलाचें काम करून देणारी मधमाशी. पोळ्यासाठीं सांठविणारा तिचा समुदाय. आणि मोबदल्याची अपेक्षा न धरतां पिलांस भरविणारी पक्षीण. हे दाखले शाळकरी पोरासही समजतील असे आहेत, आणि तरी ते बालिश नाहींत. नीतीचा उपदेश जमाखर्चाच्या भाषेंत उतरविणें ही दुर्मिळ हातोटी आहे. कुमारप्पांचें इंग्रजी सरळ व अलंकाररहित आहे; त्यांतील वाक्य वाचून झालें कीं अर्थ हातीं उरतो. ग्रंथ तुरुंगांत लिहिलेला असूनही त्यांत कडवटपणाचा थेंब नाहीं, हेंही नमूद केलें पाहिजे.

परंतु देवळीच्या धुऱ्यावर उभा असलेला वाचक येथें एक साधा प्रश्न विचारील : माती ही यांपैकीं कोठें बसते? ती खाण कीं नदी? शेणखत आणि पालापाचोळा परत मिळत गेला तर ती दरसाल देत राहते, म्हणजे ती नदी आहे. पण तिचा वरचा थर एकदां ओढ्यांतून वर्धा नदीस मिळाला, म्हणजे बोटभर माती पुन्हां बनावयास शेंकडों वर्षें लागतात. अर्थात् ती खाण आहे. कुमारप्पांनीं जीवनचक्राचें वर्णन केलें आहे. झाडाचीं पानें गळतात, कुजतात, पुन्हां मातीस मिळतात, हें त्यांनीं मोठ्या आस्थेनें सांगितलें आहे. तथापि तें चक्र आपोआप फिरतें आणि मनुष्याच्या हिंसेनेंच काय तें मोडतें, असा त्यांच्या विवेचनाचा कल आहे. काळ्या जमिनीचा अनुभव निराळा आहे. येथें चक्र मोडणारा पहिला हात पुष्कळदां पावसाचाच असतो. ज्यानें जमिनीचें कधींही वाईट चिंतिलें नाहीं, त्याच्याही शेतांत श्रावणाच्या एका सरीनें घळ पडते. निसर्गास गुरु मानणाऱ्या ग्रंथकारास निसर्गाचा हा आडदांडपणा दिसत नाहीं असें नव्हे. पण त्याच्या व्यवस्थेंत त्यास घर मिळालेलें नाहीं.

जी जागा कुमारप्पांच्या ग्रंथांत रिकामी राहिली, ती ६२ वर्षें आधींच फुल्यांनीं भरून ठेविली होती, हें पाहून कोणाही वाचकास आश्चर्य वाटेल. ‘असुडा’ची भाषा कुमारप्पांच्या अगदीं उलट आहे. ती तिखट, घाईची, एका वाक्यांत चार तक्रारी कोंबणारी आहे. मध्येंच ती इतिहासांत शिरते, मध्येंच कचेरींतील कारकुनावर घसरते. तिला सुबक कोणी म्हणणार नाहीं. पण शेवटच्या प्रकरणांत उपाय सांगावयाची वेळ येते, तेव्हां तीच भाषा एकाएकीं पाटाच्या पाण्यासारखी सरळ होते. तेथें ग्रंथकार सांगतो कीं, डोंगरपठारावरच्या गवताझाडांचीं पानें-फुलें, मेलेले किडे व जनावरें यांचें जें सत्त्व वळवाच्या पावसानें धुऊन निघतें, तें ओढ्यानाल्यांत फुकट जाऊं देऊं नये. ठिकठिकाणीं अशा बेतानें ताली व बंधारे घालावे कीं पाणी आधीं शेतांत मुरेल आणि मगच नदीस मिळेल. हें काम सरकारनें आपल्या रिकाम्या शिपायांकडून व पोलिसांकडून करवावें; मोकळ्या हवेंतील मेहनतीनें त्यांचीही प्रकृति सुधारेल. नदीनाल्यांत व तळ्यांत साठलेला गाळ पूर्वीप्रमाणें शेतकऱ्यांस नेऊं द्यावा. जंगलखात्यानें घेतलेलीं गायरानें गांवांस परत करावीं; परंतु सरपणाखेरीज, विक्रीसाठीं वा इमारतीसाठीं तेथील लांकूड तोडूं देऊं नये.

या थोड्या ओळींत काय काय आलें आहे तें पाहावें. सत्त्व धुऊन नेणारा पाऊस आहे. म्हणजे निसर्गाचें कृत्य त्याच्या नांवावर मांडलें गेलें. तें अडविण्याची रीत आहे. म्हणजे माणसाचें कर्तव्य त्याच्या नांवावर मांडलें गेलें. आणि गायरान परत मागतांनाच त्यावर तोडीची बंदी आहे. म्हणजे ज्याची बाजू घेतली त्यासही मोकळें सोडलेलें नाहीं. माती नदी कीं खाण, या प्रश्नाचें फुल्यांचें उत्तर असें निघतें कीं, ती जन्मतः दोहोंपैकीं कांहींच नाहीं. ताल घातली तर ती नदी होते, न घातली तर खाण. अमेरिकेच्या मध्यभागांतील मैदानांची माती १९३० नंतर वावटळींनीं उडाली, तेव्हां तिकडे १९३५ सालीं मृद्-संधारणाचें सरकारी खातें निघालें. पुण्याच्या या ग्रंथकारानें त्याआधीं ५२ वर्षें हें काम सरकारचें आहे असें लिहून ठेविलें होतें. आणि त्याच्या हयातींत हा ग्रंथ समग्र छापलाही गेला नाहीं.

दोन ग्रंथकारांमधील खरा मतभेद येथेंच आहे, आणि तो आजच्या शेतकऱ्याच्या दृष्टीनें पोटापाण्याचा आहे. कुमारप्पांचा भर प्रत्येकाच्या संयमावर व गांवाच्या स्वावलंबनावर आहे. फुल्यांचा भर सार्वजनिक कामावर आहे. देवळीच्या उताराकडे पाहिलें तर निकाल देणें कठीण नाहीं. वरची बरडी एकाची असते, मधली खरडी दुसऱ्याची, आणि खालची काळी तिसऱ्याची. वरच्यानें उताराच्या दिशेनें वखर चालविला तर घळ पडते खालच्याच्या शेतांत. खालच्यानें कितीही संयम केला तरी वरून येणारा लोंढा थांबत नाहीं. मालकीचा धुरा कागदावर पक्का असला तरी पाणी तो ओळखीत नाहीं. जेथें अपराध एकाच्या शेतांत आणि शिक्षा दुसऱ्याच्या शेतांत, तेथें नुसता सदाचार पुरत नाहीं. तेथें सर्वांचें मिळून काम लागतें, आणि त्याचा खर्च ज्याच्यापाशीं तो करण्याची ताकद आहे त्यानेंच उचलावा लागतो. कर्जानें वांकलेल्या कोरडवाहू कास्तकारास तूं आपली माती आपणच राख म्हणून सांगणें, हें तत्त्वज्ञान म्हणून सुंदर असेल, पण न्याय म्हणून तोकडें आहे.

याचा अर्थ कुमारप्पांचा ग्रंथ बाजूस ठेवावा असा नव्हे. त्यांच्या मृत्यूनंतर, म्हणजे १९६० नंतर, या भागाच्या शेतींत जें घडलें, तें समजण्यास फुल्यांपेक्षां तेच अधिक उपयोगी पडतात. विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत ज्वारीची पुष्कळशी जागा सोयाबीननें घेतली. ज्वारीबरोबर कडबा गेला, कडब्याबरोबर बैल कमी झाले, बैलांच्या ठिकाणीं ट्रॅक्टर आला, आणि शेणखताचा उकिरडा आटला. ही सांखळी कोणी एकानें ठरवून तोडली नाहीं. बाजारभाव, मजुरीचे दर आणि पावसाचा लहरीपणा यांनीं मिळून ती तोडली. मातीस जें परत जात होतें त्याची जागा पोत्यांतल्या खतानें घेतली. युरिया हा मुख्यतः नैसर्गिक वायूपासून होतो, आणि स्फुरदाचें खत खाणींतल्या दगडापासून. कुमारप्पांच्या शब्दांत बोलावयाचें तर, नदी आटली म्हणून खाणींतून पाणी ओतून ती वाहती ठेवण्याचा हा खटाटोप आहे. पुढें २००२ सालीं बीटी कापसास परवानगी मिळाली. आरंभीं बोंडअळी हटली, पण कालांतरानें शेंदरी बोंडअळीनें त्या वाणासही न जुमानण्याची शक्ति मिळविली. निसर्ग येथेंही स्वस्थ बसला नाहीं. माणसानें डाव टाकला कीं तो आपला डाव टाकतो. देवळीस आज औद्योगिक वसाहत आहे, आणि २०२४ सालीं वर्ध्याहून देवळीवरून कळंबपर्यंत आगगाडीही सुरू झाली. १८६७ च्या आगगाडीनें कापूस नेला. नव्या आगगाडीनें काय न्यावें व काय आणावें, हें ठरविण्याची मोकळीक या वेळीं आपणांस आहे, आणि तें ठरवितांना कुमारप्पांची जमाखर्चाची वही जवळ असलेली बरी.

फुल्यांच्या ग्रंथांतील दोषही झांकून ठेवण्याचें कारण नाहीं. सरकारी नोकरांवरील त्यांचा रोष कित्येकदां इतका वाढतो कीं पावसाचा व जमिनीचा धागा हातून निसटतो, आणि तो पुन्हां सांपडेपर्यंत वाचकास पानें उलटावीं लागतात. शिवाय ज्या राज्यकारभारास त्यांनीं असुडाचे फटके मारले, त्याच्याच हातीं बंधाऱ्यांचें काम देण्यांत एक विसंगति आहे. जें खातें गायरान गिळतें तेंच ताल घालील, हा भरंवसा कोठून आणावयाचा, याचें उत्तर त्यांनीं दिलेलें नाहीं. गांवानें त्या कामावर लक्ष कसें ठेवावें हें सांगण्यास कुमारप्पाच पाहिजेत. एकाचें उणें तें दुसऱ्याजवळ अधिक, असा हा योग आहे.

२०१७ सालीं महाराष्ट्र सरकारनें ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ या नांवाची योजना काढली. धरणांत साठलेला गाळ काढून शेतांत टाकावयाचा, हा तिचा आशय. म्हणजे फुल्यांच्या एका सूचनेस १३४ वर्षांनीं योजनेचें रूप आलें. याबद्दल समाधान मानावें, परंतु त्यांची सूचनांची मांडणी विसरूं नये. गाळ परत आणणें हा चोरीस गेलेला माल शोधून काढण्याचा उपाय आहे. तो करावाच, पण ताल घालणें म्हणजे घरास कडी लावणें, आणि त्यांनीं कडीची गोष्ट आधीं सांगितली होती.

सारांश, हे दोन ग्रंथ जोडीनें वाचावे अशी आमची वाचकांस शिफारस आहे. ज्या घरांत गहू दुकानांतून येतो व कापूस कापडाच्या रूपानेंच येतो, त्या घरांतील मंडळींनीं तर ते अवश्य वाचावे. कारण मातीचा हिशेब शेतकऱ्याच्या एकट्याच्या वहींत लिहिलेला असला तरी त्यांतील खर्चाच्या बऱ्याच रकमा आपल्या नांवच्या आहेत. आणि आमच्या कथाकादंबरीकारांकडे एकच मागणें आहे. यापुढें शेत वाहून गेल्याचा प्रसंग लिहितांना त्यांनीं आभाळाकडे बोट दाखवून थांबूं नये, व माणसास शिव्या देऊनही थांबूं नये. उताराच्या वरच्या टोंकास कोणाचें शेत होतें, तेथें ताल कां नव्हती, आणि ती घालण्याचें काम कोणाचें होतें, एवढें चौकशी करून लिहावें.